फिशटँकचा हीटर कायमचा काढायचा आहे – गोल्डफिश ठेवू का?

वेंधळा – २८ डिसेंबर, रात्री १०:१२

मंडळी, विषय छोटा आहे पण डोक्याला ताप झालाय.

घरी (धायरी, चौथा मजला) आठ वर्षांपासून टँक आहे. ३६ बाय १५ बाय १५ इंच, भरून १३० लिटर, वाळू-दगड वजा जाता ११५ धरा. रहिवासी: दोन एंजल (सहा वर्षांचे, म्हणजे आता काका-काकूच), पाच विडो टेट्रा आणि एक सकर (काचेवरचं शेवाळ चाटणारा मासा), जो आणला तेव्हा करंगळीएवढा होता आणि आता फूटभर आहे. वर टॉप फिल्टर, आत १५० वॉटचा हीटर, काटा २६ वर.

गेल्या आठवड्यात हीटर अडकला. म्हणजे चालू झाला तो बंद व्हायचंच विसरला. सकाळी पेपर घ्यायला उठलो, सहज काचेला हात लागला तर काच कोमट. थर्मामीटर ३४ वर आणि सगळे मासे वर येऊन तोंडं वासून उभे. वायर ओढली, खिडकी उघडली, हवेचा पंप लावला. एक टेट्रा गेला (सहा होते), बाकीचे वाचले. सध्या शेजाऱ्यांचा जुना हीटर उसना आणलाय.

नवा आणायच्या आधी मनात आलं की हे प्रकरण मुळातूनच मिटवावं. हीटरच नको. हळूहळू पाणी थंड करू आणि गोल्डफिश आणू, लेकीलाही तेच हवेत. दुकानदार म्हणतो, "काढून टाका हो साहेब, पुण्यात कशाला हीटर? मासे सवय करून घेतात." खरंच घेतात का? कोणी असं केलंय का?

झणझणीत – २८ डिसेंबर, १०:३१

३४ ला थांबलात. अजून तासभर झोपला असतात तर नुसती आमसुलं टाकायची बाकी होती. (हलके घ्या)

पाणपोई – २८ डिसेंबर, ११:०५

वेंधळा, तुमच्या दुकानदाराला माझा साष्टांग. हे वाक्य मी वीस वर्षं ऐकतेय.

एंजल अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला, त्याला २४ ते २९ अंश लागतात. पाणी वीसवर आलं म्हणून तो दुसऱ्या दिवशी उलटा तरंगत नाही, म्हणून लोकांना वाटतं की झाली सवय. आधी खाणं कमी होतं. मग पंख अंगाला चिकटवून कोपऱ्यात उभा राहतो. पंधरा दिवसांत अंगावर साखरेचे दाणे शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात. तो परोपजीवी बहुतेक वेळा कुठे ना कुठे टपलेलाच असतो, गारठ्याने माशाची प्रतिकारशक्ती ढेपाळली की त्याचं फावतं. आणि थंड पाण्यात त्याचं जीवनचक्र लांबतं. पंचविसाला जे आठवड्याभरात उरकतं त्याला गार पाण्यात कितीतरी जास्त दिवस लागतात, म्हणजे औषधही तितकेच दिवस. म्हणून ठिपके आले की आम्ही उलट तापमान वाढवतो. हीटर काढलात तरी फेकू नका, औषधाच्या डब्यात ठेवा.

तुमचं सकाळचं दृश्यही तेच सांगतं. मासे उकाड्याने वर आले असं वाटतं, पण मुख्य कारण प्राणवायू. गरम पाण्यात तो कमी विरघळतो.

थोडक्यात, तुम्ही टँक थंड करत नाही आहात, जुन्या काचेत नवा टँक लावताय. आधी बिऱ्हाड बदला, मग तापमान. आणि मधल्या काळात एंजल, सकर, गोल्डफिश असा त्रिवेणी संगम करू नका. रात्री दिवा मालवला की मोठा सकर गोल्डफिशच्या अंगावरचा चिकट थर खरवडून खातो. मी पाहिलंय, सकाळी त्या माशाच्या कुशीवर टक्कल पडलेलं असतं.

आगाऊ_कार्टं – २८ डिसेंबर, ११:२०

माशाला टक्कल. वाचनखूण साठवली आहे.

कोथरूडचा_कोळी – २९ डिसेंबर, सकाळी ७:५०

पाणपोईताई, बाकी सगळ्याला अनुमोदन, पण गोल्डफिशबद्दल उगाच घाबरवू नका. माझ्याकडे दोन ओरांडा (आखूड अंगाचे गोल्डफिश) अकरा वर्षं आहेत. हीटर नाही, एसी नाही, साधा स्पंज फिल्टर. आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलतो, एवढंच. डिसेंबरही बघतात आणि मे महिनाही बघतात. इंग्लंडमध्ये टिश नावाचा गोल्डफिश १९९९ साली ४३ व्या वर्षी गेला, त्याला कोणी काय हीटर लावला होता?

वेंधळाभाऊ, आणा बिनधास्त.

लीड्सवासी – २९ डिसेंबर, दुपारी ३:१५

टिश आमच्याच यॉर्कशरचा! जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला मासा होता तो. इथे पूर्वी जत्रेत चेंडू मारला की प्लास्टिकच्या पिशवीत गोल्डफिश द्यायचे. २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यापासून सोळा वर्षांखालच्या एकट्या मुलाला असा प्राणी बक्षीस देता येत नाही.

मी हे रूपांतर प्रत्यक्ष केलंय, २०२२ च्या हिवाळ्यात. विजेची बिलं अशी वाढली की घरच्या हीटिंगवर हात आखडता घ्यायची वेळ आली, तिथे माशांचे लाड कोण करणार? माझ्या निऑन आणि रॅम माशांना ऑफिसातल्या एकाने घर दिलं. मग रोज अर्धा-पाऊण अंश असं करत २५ वरून १८ वर आणलं. आता त्यात व्हाइट क्लाउड मिनो आहेत. चीनमध्ये ग्वांगजौजवळच्या श्वेतमेघ डोंगरातला मासा, १९३२ साली पहिल्यांदा शास्त्रीय नोंद झाली. दीड इंची जीव, पण लाल शेपटी आणि अंगावर चमकती रेघ असलेले पंधरा जण एकदम वळले की बघत राहावं. त्यांना १६ ते २२ एकदम पसंत.

एक सूचना. इथे जानेवारीत नळाला पाच-सहा अंशांचं पाणी येतं. पहिल्याच आठवड्यात मी तेच बादलीने ओतलं आणि सगळे तळाशी जाऊन बसले. तेव्हापासून किटलीभर गरम पाणी मिसळून हाताला टँकसारखं लागेपर्यंत थांबतो. 'थंड पाण्याचा मासा' म्हणजे 'काहीही चालणारा मासा' असा माझा गैरसमज होता.

वेंधळा – २९ डिसेंबर, रात्री ९:०२

बापरे, एवढे प्रतिसाद! लीड्सवासी, हे क्लाउड मिनो पुण्यात मिळतील का? फोटो बघून मुलगी नाचतेय.

पाणपोई – २९ डिसेंबर, ९:४०

मिळतील, पण आणू नका. लीड्सला १८ अंश बारा महिने आहेत. तुमच्याकडे मे महिन्यात काय असेल याचा अंदाज आहे का? सगळे जानेवारीचा विचार करताय. हीटर काढला की टँक हवेच्या हवाली होतो, आणि आपली हवा दोन्ही टोकांना जाते.

त्यापेक्षा आधी मोजा. एंजल आत असताना टँकचा हीटर बंद करून प्रयोग नको. टँकशेजारी एक बादली पाणी भरून ठेवा, त्यात थर्मामीटर टाका, सकाळ-संध्याकाळ लिहून काढा. पंधरा दिवसांनी आकडे घेऊन या, मग बोलू.

खडूस_आजोबा – ३० डिसेंबर, सकाळी ६:१०

बादलीची कल्पना उत्तम, त्यात दोन दुरुस्त्या.

एक, बादलीवर ताट झाका. उघड्या पाण्याचं सतत बाष्पीभवन होतं आणि हिवाळ्याच्या कोरड्या हवेत ते खोलीपेक्षा अंश-दीड अंश गार होतं. झाकणवाल्या टँकमध्ये तसं होणार नाही, म्हणजे आकडा फसवा येईल. (माठ याच तत्त्वावर चालतो. चौथीच्या पुस्तकात होतं.) दोन, पंधरा लिटरची बादली पटकन तापते, पटकन निवते. एकशेपंधरा लिटरचा हेलकावा त्यापेक्षा कमी असेल. तेव्हा सकाळ-संध्याकाळची सरासरी धरा. बादली फरशीवर ठेवू नका, टँकच्या उंचीवर स्टुलावर ठेवा. फरशी गार असते.

आता हिशेब. १५० वॉटचा हीटर पुण्याच्या थंडीत दिवसाला दहा तास पेटला तर दीड युनिट, महिन्याला ४५. युनिटला दहा रुपये धरले तर साडेचारशे. असे फार तर तीन महिने. म्हणजे वर्षाचे तेराशे-चौदाशे रुपये वाचवायला आपण हा धागा चालवतो आहोत, याची नोंद असावी.

आणि वर प्राणवायूचा विषय निघाला म्हणून: २० अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण ९.१ मिलिग्रॅम विरघळतो, ३० अंशांना साडेसात. त्याच वेळी उष्णतेने माशाची भूक आणि श्वास दोन्ही वाढतात. आवक कमी, खर्च जास्त. निवृत्त माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

सातारी_कंदी – ३० डिसेंबर, ११:२५

आजोबा _/\_

आमच्या गावी भारनियमनाच्या काळात दिवसाला बारा-बारा तास वीज नसायची. माझा टँक होता दोन फुटी. हीटर कसला, पंपच चालायचा नाही. तेव्हा जे जगलं ते फक्त गप्पी. आरोग्य खात्याचे लोक डास मारायला गावातल्या हौदात, विहिरीत गप्पी सोडायचे, त्यातलेच मी बरणीतून आणले होते. पौषात आमच्या हौदाला हात लावला तर कळ यायची, तरी हे पठ्ठे खाली शेवाळात लपून राहायचे आणि संक्रांत उलटली की परत पिलावळ. दुकानातले ते भल्या मोठ्या शेपटीचे रंगीत गप्पी मात्र पुढे दोनदा आणले, दोनदा मेले. नाव एकच, पण एक पैलवान आणि एक नवरदेव.

मालवणी_खाजा – ३० डिसेंबर, १:४०

आमच्या कुडाळाक येवा. बारा महिने पाणी २६, हीटर नको, कुलर नको. फक्त पावसात वीज गेली की पंप बंद, आणि मग पाहुण्यांनी विचारूचा नाय की सार कसला.

झणझणीत – ३० डिसेंबर, १:५२

माझा पहिला प्रतिसाद चोरला.

वऱ्हाडी_ठेचा – ३० डिसेंबर, रात्री ८:३०

नागपूरहून लिहितो. थंड-थंड काय लावलंय, आमच्याकडे मे महिन्यात टँक ३३-३४ ला जातो. वेंधळाभाऊ ज्या सकाळी घाबरले ती आमची रोजची दुपार आहे.

तीन गोष्टी करून पाहिल्या. बर्फाची बाटली: दुपारी टाकली, तापमान तीन अंश उतरलं, तासा-दोन तासांत परत वर. या वरखालीनेच माझा ब्लॅक मूर (काळा गोल्डफिश) आजारी पडला, तेव्हापासून बंद. टँकचं झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा: दोन-तीन अंश नक्की उतरतात, रोज तांब्याभर पाणी वाढवावं लागतं. पण घरात कुलर लावला की हवा दमट होते आणि पंख्याचा फरक निम्म्यावर येतो. तेव्हा खोलीच गार असते म्हणा. तिसरी, टँक पश्चिमेच्या भिंतीवरून उचलून आतल्या खोलीत नेला. सगळ्यात जास्त फायदा याने झाला, आणि हे मला सहा वर्षांनी सुचलं.

आगाऊ_कार्टं – ३० डिसेंबर, ८:४४

पण वास्तुशास्त्राप्रमाणे टँक ईशान्येला लागतो ना? आठ लाल, एक काळा?

शेवंती – ३० डिसेंबर, ९:१०

आमच्या सासूबाई मासा मेला की म्हणतात, घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं. गेल्या वर्षी चौदा संकटं टळली. मग मी अमोनियाची चाचणी करायचं किट आणलं, तेव्हापासून घरावर संकटंच येत नाहीत.

पाणपोई – ३० डिसेंबर, ९:१८

शेवंती, हा प्रतिसाद फ्रेम करून ठेवण्यासारखा आहे.

कोळीभाऊ, तुमचे ओरांडा अकरा वर्षं जगले ते तुम्ही दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलता म्हणून. ते तुम्ही एका वाक्यात उरकलंत, खरं मर्म तेच आहे. गोल्डफिश खातो प्रचंड आणि घाण करतो त्याहून जास्त. किती लिटरचा टँक आहे तुमचा?

कोथरूडचा_कोळी – ३० डिसेंबर, १०:०१

दोनशे. दोघांसाठी.

पाणपोई – ३० डिसेंबर, १०:०३

माझं म्हणणं संपलं.

कोथरूडचा_कोळी – ३० डिसेंबर, १०:०९

बरं. ११५ मध्ये आखूड अंगाचे दोनच, आणि कॉमेट किंवा शुबंकिन या गोल्डफिशच्या लांबट जाती अजिबात नकोत, ते फुटाच्या घरात जातात. इथवर मान्य. पण उन्हाळ्यात गोल्डफिश मरतात असं तुम्ही सुचवताय, ते मान्य नाही. मुंबईत तर घरोघरी तिशीच्या पाण्यात गोल्डफिश आहेत.

पाणपोई – ३० डिसेंबर, १०:३०

आहेत, आणि घरोघरी दर दिवाळीला नवे आणतात.

वेंधळा – १३ जानेवारी, रात्री ८:१५

आकडे आणलेत. बादलीवर ताट झाकून, स्टुलावर, आजोबांच्या आदेशाप्रमाणे. (बायकोने पहिल्याच दिवशी ते पाणी झाडांना घातलं, म्हणून चौदाच दिवसांची नोंद आहे.)

सकाळी ६ वाजता सर्वात कमी १८.५, तो ३ जानेवारी. बाकी दिवस सकाळी १९ ते २०. संध्याकाळी ६ ला २१.५ ते २२.५. सरासरी काढली तर २०.७ येते. मला वाटत होतं तेवढं गार नाही. खिडकीशेजारी असूनही.

लीड्सवासी – १३ जानेवारी, ८:५०

हे आमचं जुलैचं पाणी आहे.

पाणपोई – १३ जानेवारी, ९:३५

छान. आता याच्यापुढे मे महिन्याचे ३०-३१ लिहा. जो मासा २० आणि ३१ दोन्ही बघून घेईल तोच तुमचा. क्लाउड मिनो मे मध्ये बाद, एंजल जानेवारीत बाद. विडो टेट्रा तसे चिवट आहेत, २०-२१ चालवून घेतात, पण तुमचे वयस्कर आहेत.

मग कोण उरतं? ज्यांनी हा हिवाळा आणि हा उन्हाळा जन्मापासून पाहिलाय ते. रोझी बार्ब आणि झेब्रा डॅनिओ. दोन्ही उत्तर भारतातल्या, गंगेच्या खोऱ्यातल्या नद्या-ओढ्यांतले. दोघांचं शास्त्रीय वर्णन हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात केलं. तिथल्या ओढ्याला डिसेंबरही असतो आणि जूनही. रोझी बार्बला गारवा तर मानवतोच, हिवाळ्यात थोडं गार पाणी मिळालेला नर पुढे उन्हाळ्याच्या तोंडावर असा गुलाबी-लाल होतो की गोल्डफिशची आठवण येऊ नये. दुकानात फिकट दिसतो म्हणून कोणी घेत नाही, पन्नास रुपयांत जोडी मिळते.

दोन धोके सांगते. बार्ब कोवळ्या वनस्पती कुरतडतो, आणि डॅनिओ उडी मारतो, झाकणाला बोटभर फट असली तरी पुरते.

सह्याद्रीचा_पाहुणा – १३ जानेवारी, १०:२०

देशीच ठेवायचा तर मिस केरळ का नको? लाल-काळ्या पट्ट्यांचा. पश्चिम घाटातलाच, गार वाहत्या पाण्यातला.

पाणपोई – १३ जानेवारी, १०:४५

सुंदर आहे, पण पाच-सहा इंच होतो, थव्याने राहतो, त्याला चार-पाच फुटी टँक आणि वाहता प्रवाह हवा. शिवाय निसर्गात तो धोक्यात आलेल्या प्रजातींत आहे, शोभेच्या माशांच्या व्यापारासाठी बेसुमार पकडला गेला. टँकमध्येच पैदास झालेला आहे याची खात्री दुकानदार देईल?

सह्याद्रीचा_पाहुणा – १३ जानेवारी, १०:५१

"हो साहेब, एकदम ओरिजनल" म्हणेल.

खडूस_आजोबा – १४ जानेवारी, सकाळी ५:५५

तिळगूळ घ्या. आता सगळ्यात महत्त्वाचं, जे अजून कोणी बोललेलं नाही. हे आत्ता करू नका.

आज टँक २६ वर आहे आणि खोली २० वर. हीटर काढलात तर पाण्याला सहा अंश खाली यायचंय, रोज अर्धा अंश म्हटलं तर काटा फिरवत बारा दिवस बसा. होळी झाली की खोलीच २६ होते. त्या दिवशी वायर काढा, पाण्याला पत्तासुद्धा लागणार नाही. पुढे एप्रिल-मे वर नेईल, पावसाळा खाली आणेल, दिवाळीनंतर कार्तिक-मार्गशीर्ष इतक्या सावकाश उतरवतील की कुठलाही थर्मोस्टॅट तेवढा सभ्य नसतो. फिल्टरमधल्या घाण पचवणाऱ्या जिवाणूंनाही थंडीत काम मंदावायला वेळ मिळतो. थंडीत मासे कमी खातात, तेव्हा तुम्हीही खाणं कमी टाका, म्हणजे जिवाणूंवर भार येत नाही.

तोवर नवा हीटर आणा. थर्मोस्टॅट वेगळा, बाहेरचा लावा. हीटरचा आतला अडकला तरी बाहेरचा वीज तोडतो. आणि पाणी बदलण्याआधी वीस मिनिटं प्लग काढत जा, गरम काचेचा हीटर उघडा पडला की तडकतो.

वेंधळा – १४ जानेवारी, ७:३०

आजोबा, तिळगूळ घ्या! हे डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे मुदत होळीपर्यंत. तोवर एंजल, टेट्रा आणि सकरला घर शोधतो.

नवखा_मासेवाला – १४ जानेवारी, ९:१२

सकरचं काय एवढं, खडकवासल्यात सोडून द्या. मोकळं पाणी, आनंदाने राहील.

पाणपोई – १४ जानेवारी, ९:२०

कृपया नाही!! दक्षिण अमेरिकेतला मासा आहे. अंगावर चिलखत, त्यामुळे त्याला खाणारं आपल्याकडे फारसं कोणी नाही. काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतो. टँकमधून 'दयाळूपणे' सोडलेल्या सकरांनी आधीच आपल्या नद्या-तलावांत बस्तान बसवलंय. कोळ्यांना विचारा, जाळ्यात हेच येतात, विकले जात नाहीत आणि काटेरी पंखांनी जाळं फाडतात ते वेगळंच.

नवखा_मासेवाला – १४ जानेवारी, ९:३१

माफ करा, माहीत नव्हतं. मी दोन वर्षांपूर्वी एक सोडलाय.

खेकडा_तळेगाव – १४ जानेवारी, १०:०५

वेंधळा, सकर मला द्या. चार फुटी टँक आहे, मोठे सिल्व्हर डॉलर मासे आहेत त्यात, हीटरही आहे. व्यक्तिगत निरोप केलाय.

शेवंती – १४ जानेवारी, ११:४०

अवांतर: सकर कसा न्यायचा? पिशवी फाडेल ना तो.

खेकडा_तळेगाव – १४ जानेवारी, ११:४८

झाकणाची रंगाची रिकामी बादली, स्वच्छ धुतलेली, निम्मी त्याच्याच टँकच्या पाण्याने भरून. जाळीने पकडायचा नाही, पंखांचे काटे जाळीत अडकतात.

वेंधळा – २२ मार्च, रात्री ९:५५

धागा वर काढतोय. सकर जानेवारीतच तळेगावला गेला, बसमध्ये बादली मांडीवर घेऊन. लोणावळ्याला जाणाऱ्या एका आजींनी विचारलं, "श्रीखंड का?" मी झाकण उघडून दाखवलं, त्यांनी जागा बदलली.

एंजलची जोडी पाणपोईताईंकडे आहे. टेट्रा मात्र मीच ठेवले, दोघे फेब्रुवारीत म्हातारपणाने गेले, तीन आहेत.

१६ मार्चला खोलीतली बादली २६ ला आली (हो, बादली अजून स्टुलावर आहे, बायको आता तिला हळदकुंकू लावायचं म्हणते). त्या रात्री हीटर काढून पुसून औषधाच्या डब्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी पाणी २६.५. माशांच्या चेहऱ्यावर काही फरक नाही.

वेंधळा – १९ मे, दुपारी ४:२०

टँक ३१. हवेचा पंप दिवसरात्र, झाकणाऐवजी मच्छरदाणीची जाळी आणि वर छोटा पंखा. एप्रिलमध्ये आठ रोझी बार्ब आणि दहा डॅनिओ आणले. जाळी लावायच्या आदल्या रात्री एका डॅनिओने उडी मारली, सोफ्याखाली सापडला. आता नऊ. पाणपोईताईंनी सांगितलं होतं, चूक माझी.

लेक रुसली होती गोल्डफिश नाहीत म्हणून. मग मोठा नर लाल झाला. आता ती मैत्रिणींना "आमचा इंडियन गोल्डफिश" म्हणून दाखवते. मी काही बोलत नाही.

कोथरूडचा_कोळी – १९ मे, ६:०५

माझ्याकडेही आज ३१. थोरला ओरांडा दुपारभर पंपापाशी उभा असतो. पंखा लावलाय. ताई, काही बोलू नका.

पाणपोई – १९ मे, ६:११

नाही बोलत. कोळीभाऊ, खाणं निम्मं करा आणि आठवड्यातून दोनदा थोडं थोडं पाणी बदला.

वेंधळा – २७ डिसेंबर, सकाळी ७:०५

उद्या धाग्याला वर्ष होतंय. आज सकाळी टँक १९.८. टेट्रा तिघेही आहेत, पण गेले चार दिवस खालच्या बाजूला एकत्र उभे राहतात. डबा उघडून हीटर लावला, काटा २२ वर. त्यांच्यासाठी. बार्ब आणि डॅनिओंना काही देणंघेणं नाही.

खडूस_आजोबा – २७ डिसेंबर, ७:४०

२२ ठीक. रात्रीपुरता पेटेल, महिन्याला दीडशे रुपयेही होणार नाहीत.

खेकडा_तळेगाव – २७ डिसेंबर, ९:१५

सकर मजेत, चौदा इंच. परवा वळताना त्याने फिल्टरचा पाइप उखडला, पाणी हॉलभर. कोणाकडे सहा फुटी जुना टँक आहे का? तळेगाव किंवा पिंपरी, नेण्याची सोय मी करेन. बादली आहे.